सबकूल्ड बॉइलिंगचा हिशेब: जेन्स-लॉटिस, थॉम की चेन?

नळीतून वाहणारं पाणी उकळबिंदूच्या बरंच खाली, पण भिंत त्याच्या वर गेलेली. बुडबुडे भिंतीला धरतात आणि आतल्या थंड पाण्यात शिरताच विरून जातात. हेच सबकूल्ड बॉइलिंग. या अवस्थेसाठी कुठलं सूत्र घ्यायचं हे ठरवण्याआधी एक बघा: तुम्हाला हीट फ्लक्स (भिंतीच्या दर चौरस मीटरमधून जाणारी उष्णता) माहीत आहे की भिंतीचं तापमान? बरेच जण हे न बघताच हाताशी असलेलं सूत्र उचलतात.

जेन्स-लॉटिस हे सूत्र १९५१ चं, थॉम आणि सहकाऱ्यांचं १९६५ चं. दोन्ही फक्त पाण्यासाठी, दोन्हींत फ्लक्स आणि दाब घातला की झालं; वेग, व्यास, पाणी किती थंड, काही विचारत नाहीत. फरक घातांकाचा. भिंत सॅच्युरेशन तापमानाच्या (त्या दाबाला पाण्याचा उकळबिंदू) किती वर जाईल हे पहिलं फ्लक्सच्या चौथ्या मुळावर ठरवतं, दुसरं वर्गमुळावर.

७० बार घेऊ. उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या साधारण याच दाबावर चालतात. तारापूरच्या पहिल्या दोन याच जातीच्या. फ्लक्स चौरस मीटरला १ मेगावॅट धरला, तर जेन्स-लॉटिस सांगतं भिंत ८ अंश वर, थॉम सांगतं १०. सॅच्युरेशनच २८६ अंशांवर असताना या दोन अंशांचं कोणाला काय? आता उलटं करा. भिंत १० अंश वर आहे, फ्लक्स किती? जेन्स-लॉटिस २.३ मेगावॅट, थॉम ०.९७. दुपटीहून जास्त तफावत!

म्हणून फ्लक्स ठरलेला असेल, म्हणजे अणुइंधन किंवा विजेने तापवलेली नळी, तर मी थॉम घेईन. या दाबाला ०.४ मेगावॅटच्या वर ते भिंत जास्त तापलेली दाखवतं, आणि डिझाइनला तेच बरं. भिंतीचं तापमान दिलेलं असेल तर दोन्हींपासून जपून.

इंजिनच्या जॅकेटला (भोवती थंड द्रव फिरवणाऱ्या पोकळीला) ही दोन्ही बाद: दाब एक-दोन बार, द्रव ग्लायकॉलचं मिश्रण. तिथे चेनच्या १९६६ च्या सूत्राच्या धर्तीवर जा. साध्या प्रवाहाची उष्णता वेगळी, उकळण्याची वेगळी, आणि वेग वाढला की उकळण्याचा वाटा दाबणारा गुणक. त्याच धर्तीचं लिऊ-विंटरटन सूत्र, १९९१, या दोन वाट्यांच्या वर्गांची बेरीज करतं. द्रवाचे गुणधर्मही कमी लागतात. मेहनत आहे, उत्तर पुन्हापुन्हा गणित करून जुळवावं लागतं. शिवाय मिश्रणात भिंतीजवळचं पाणी आधी उडतं, तिथला उकळबिंदू चढतो, त्यामुळे शुद्ध द्रवाची सूत्रं उष्णतावहन फुगवून सांगतात.

सीएफडीतलं (संगणकावर प्रवाहाचं गणित करण्याच्या पद्धतीतलं) भिंतीवरच्या उकळण्याचं आरपीआय मॉडेल बुडबुड्याचा व्यास आणि भिंतीवरच्या बुडबुड्यांच्या जागांची संख्या मागतं. तुमच्याकडे प्रयोगाचे आकडे नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

जेन्स-लॉटिस घ्या वा थॉम, आधी बुडबुड्यांविना, निव्वळ प्रवाहाने भिंत किती तापते ते काढा. ते तापमान सूत्राच्या उत्तरापेक्षा कमी आलं, तर उकळणं अजून भरात आलेलंच नाही. तेच कमी तापमान धरा.