मुक्तिनाथाला नेलेली ३५ लिटरची सॅक
पोखराहून जोमसोमला जाणाऱ्या लहान विमानांत सामानाला फार मर्यादा असते, म्हणून नेपाळमधील मुक्तिनाथाच्या दर्शनाला निघताना आम्ही उभयतांनी चाकांच्या बॅगा घरीच ठेवून प्रत्येकी ३५ लिटरची एकच सॅक घेतली. दोन जोड कपडे, कानटोपी, औषधे आणि पोथी एवढे तिच्यात सहज मावले. तिचे खरे मोल कळले ते देवळामागच्या १०८ धारांच्या बर्फगार पाण्याखालून कुडकुडत बाहेर आल्यावर, कारण तळाच्या कप्प्यात ओले धोतर नुसते पिळून कोंबले होते, तरी वरच्या पोथीच्या लाल फडक्याला ओलसरपणाही लागला नाही. कमरेचा पट्टा मात्र सुमारे ३,८०० मीटर उंचीवर, धाप लागलेली असताना, पायरीगणिक सैल होत होता. ही उणीव उत्पादकाने दूर करायलाच हवी.