अभ्यासिकेतल्या सामायिक संगणकावर लाइटडीएम: काय चालतं, काय अडतं

बर्डीच्या बाजारातून सेकंडहँड आणलेला ४ जीबी रॅमचा डेस्कटॉप, त्यावर डेबियन हे लिनक्स आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, आणि दिवसभरात पाच-सात जण आळीपाळीने बसणार. नागपुरातल्या एखाद्या अभ्यासिकेत असं यंत्र असेल, तर लॉगिनचा पडदा दाखवून सेशन (म्हणजे एकेकाचं डेस्कटॉपवरचं काम) सुरू करणारा प्रोग्राम म्हणून लाइटडीएमच ठेवा. त्याच कामाचं जीडीएम वाईट नाही, पण ते ग्नोम या जड डेस्कटॉपचा सगळा गोतावळा सोबत आणतं. नुसता पासवर्ड विचारायला एवढा लवाजमा ४ जीबीत परवडत नाही.

उबंटूने २०११ मध्ये लाइटडीएम घेतलं आणि २०१७ मध्ये सोडून पुन्हा जीडीएम धरलं. गंमत म्हणजे त्याच २०१७ मध्ये लिनक्स मिंट लाइटडीएमकडे आलं. यात सेशन सुरू करणारा भाग वेगळा आणि समोर दिसणारा लॉगिनचा पडदा, म्हणजे ग्रीटर, वेगळा. ग्रीटर आवडला नाही तर तेवढाच बदलता येतो.

सेटिंगची फाइल साधी आहे, पण एक खोच लक्षात ठेवा. 'ईटीसी/लाइटडीएम'मधल्या 'लाइटडीएम.कॉन्फ.डी' फोल्डरात तुम्ही काहीही लिहिलं, तरी मुख्य 'लाइटडीएम.कॉन्फ' सगळ्यात शेवटी वाचली जाते आणि तिचंच चालतं. 'लाइटडीएम --शो-कॉन्फिग' चालवलं की कुठली ओळ कुठल्या फाइलीतून आली ते दिसतं. डेबियनवर वापरणाऱ्यांची यादी मुळात लपवलेली असते. ती हवी असल्यास 'सीट:*' या विभागात 'ग्रीटर-हाइड-यूजर्स=फॉल्स' लिहा. बदल लागू करायला लाइटडीएम रीस्टार्ट करावं लागतं, आणि त्यात चालू असलेली सगळी सेशन्स मरतात. कुणाचा अर्ज अर्धा भरलेला असताना हे करू नका. ऑटोलॉगिन सामायिक यंत्रावर नकोच. पासवर्ड टाइप होत नसल्यामुळे कीरिंग (साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी) बंदच राहतं आणि ब्राउझर उघडला की ते पासवर्ड मागत बसतं.

मराठी टायपिंगवाल्यांची हमखास अडचण अशी: पासवर्ड बरोबर, तरी 'चुकीचा' म्हणून परत येतो. ग्रीटरला तुमच्या एक्सएफसीईतलं कीबोर्ड सेटिंग माहीत नसतं. तो 'ईटीसी/डिफॉल्ट/कीबोर्ड' ही फाइल बघतो. तिथे इंडियन लेआउट पहिला असेल, तर पासवर्ड देवनागरीत उमटतो, आणि ठिपक्यांमुळे ते कळतही नाही. यूएस (इंग्रजी) पहिला, इन (इंडियन) दुसरा असा क्रम लावा. जीटीके ग्रीटर वापरत असाल, तर त्याच्या सेटिंगमधल्या 'इंडिकेटर्स' ओळीत '~लेआउट' घातलं की चालू लेआउट वरच्या पट्टीत दिसतो.

आता मुख्य दुखणं. पासवर्ड घेतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनच समोर. लोक लगेच लाइटडीएमला शिव्या घालतात, पण दोष बहुधा वापरणाऱ्याच्या होम फोल्डरात असतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा, त्याच नावाने लॉगिन करा आणि आधी 'डीएफ -एच'ने डिस्कवर किती जागा उरली ते बघा. पीडीएफ साठून डिस्क भरली असेल, तर होम फोल्डरातली '.एक्सऑथॉरिटी' ही पडदा वापरण्याच्या परवानगीची फाइल लिहिलीच जात नाही आणि सेशन उभं राहत नाही. जागा भरपूर असेल तर 'एलएस -एल'ने त्या फाइलीचा मालक बघा. कुणीतरी सुडो लावून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) स्टार्टएक्स ही डेस्कटॉप सुरू करणारी आज्ञा चालवली असेल, तर मालक रूट, म्हणजे अ‍ॅडमिन, झालेला असतो. 'सुडो'ने फाइलीचं नाव बदला, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते. तेही ठीक असेल तर सेशनमधल्या चुका नोंदवणारी '.एक्ससेशन-एरर्स' वाचा. ही फाइल स्वतःच फुगून डिस्क भरवू शकते, तेही तपासा. पडदाच येत नसेल, म्हणजे लॉगिनपर्यंतही पोहोचत नसाल, तर 'व्हार/लॉग/लाइटडीएम'मधले लॉग बघा. ग्रीटरचा लॉग वेगळा, पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स सर्व्हरचा वेगळा. त्यामुळे शोध फार लांबत नाही. याच गोष्टीसाठी मला लाइटडीएम आवडतं.

उन्हाळ्यात कूलर चालू, लोड वाढला की लाइट जाते, आणि यूपीएस नसलेलं यंत्र धाडकन बंद पडतं. त्यानंतर लॉगिन होतं, पण खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या किंवा पॅनेल गायब, असं होऊ शकतं. इथे लाइटडीएमचा संबंध नाही. एक्सएफसीईने साठवलेलं सेशन बिघडलेलं असतं. होम फोल्डरातलं '.कॅश/सेशन्स' रिकामं करा, आणि बाहेर पडतानाच्या चौकटीतली 'सेव्ह सेशन'ची खूण सगळ्यांच्या खात्यातून काढून टाका.

'स्विच यूजर' चांगलं चालतं, म्हणूनच त्रास होतो. आधीच्याचं सेशन मरत नाही, त्याचा ब्राउझर रॅम खात मागे बसलेला असतो. तिसरा माणूस आला की यंत्र रांगायला लागतं. 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स'ने क्रमांक बघा आणि 'टर्मिनेट-सेशन'पुढे तो देऊन बंद करा. न सेव्ह केलेलं काम जाईल, हे भिंतीवर लिहून ठेवलेलं बरं.

लॉकबाबत मात्र गुण कापावे लागतात. पडदा लॉक करणारा लाइट-लॉकर असेल तर यंत्र झोपेतून उठल्यावर कधीकधी नुसता काळा पडदा राहतो. तो लॉकचा पडदा वेगळ्या कन्सोलवर उघडतो, म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एफ७ आणि मग एफ८ दाबून बघा. वारंवार होत असेल तर लाइट-लॉकर काढा आणि त्याऐवजी लॉकसाठी एक्सएफसीई४-स्क्रीनसेव्हर टाका. दोन्ही एकत्र ठेवलेत तर पासवर्ड दोनदा द्यावा लागू शकतो.