हेमिस की चांगथांग? लडाखमध्ये वन्यजीव पाहायला निघालेल्यांसाठी

गोव्यातून लडाखला खास वन्यजीव पाहण्यासाठी निघालेल्या माणसापुढे बहुधा दोन नावे येतात: लेहलगतचे हेमिस राष्ट्रीय उद्यान आणि आग्नेयेकडचे चांगथांग अभयारण्य. मी चांगथांगला जुलैत गेलो आणि त्यानंतर दोन वर्षांनी फेब्रुवारीत हेमिसला. फोंड्याच्या एका स्नेह्यांनी यंदा कुठे जावे असे विचारले, तेव्हा उत्तर फोनवर आटोपेना, म्हणून सविस्तर लिहीत आहे. समुद्रकाठच्या माणसाला ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहला उतरल्यावर दोन-तीन दिवस स्वस्थ बसावे लागते, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

नुसते काय दिसते एवढेच पाहायचे, तर चांगथांगचे पारडे जड आहे. त्सो कार आणि त्सो मोरिरी ही दोन्ही सरोवरे रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांपैकी. काठच्या दलदलीत काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात, पट्टकादंब हंस पिल्ले घेऊन पोहतात आणि मोकळ्या माळावर कियांग, म्हणजे तिबेटी जंगली गाढवांचे कळप चरतात. गोव्यातल्या मोलेच्या रानात दिवसभर हिंडून शेकरूवर समाधान मानण्याची सवय असलेल्या मला पहिल्या सकाळी मोजदाद करणे सोडून द्यावे लागले होते. झाडच नसल्यामुळे प्राण्याला आडोसा नाही आणि पाहणाऱ्याला अडथळा नाही.

हा आडोशाचा अभावच पुढे मला सलत राहिला. त्सो कारजवळ आमच्या गाडीच्या उजवीकडे सात कियांग उभे होते, त्यांत एक शिंगरू होते. मी दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत पुढच्या दोन गाड्या रस्ता सोडून माळावर उतरल्या, आणि आमच्या चालकानेही, मला जवळून पाहता यावे या सद्हेतूनेच, चाक वळवले. कळप पळू लागला. ज्या हवेत मला बुटाची नाडी बांधतानाही धाप लागत होती, त्या हवेत ते शिंगरू आईच्या मागे धावत होते आणि गाडी त्याच्या बाजूने धुरळा उडवत चालली होती. मी थांबायला सांगितले आणि आम्ही थांबलो, पण तोवर शिंगरू बरेच मागे पडले होते. थंड वाळवंटातले गवत फार सावकाश वाढते. चाकांचे जुने पट्टे त्या माळावर सर्वत्र दिसत होते. चोडणच्या पक्षी अभयारण्यात फिरवणारा आमचा होडीवाला चिखलात मगर दिसली की इंजिन बंद करून होडी नुसती वाहू देतो. त्या दुपारी मला तो सारखा आठवत होता.

सगळेच चालक असे करतात असे मी म्हणणार नाही. एका फेरीवरून तसे म्हणणे अन्यायाचेही होईल. पण तिथली अंतरे मोठी आहेत, दिवसाचा बराचसा भाग गाडीतच जातो आणि गाडी प्राण्याजवळ नेण्याचा मोह सतत हाताशी असतो.

हेमिसमधल्या रुंबक गावाला मी गेलो तेव्हा गाडी झिंगचेनला सोडून अरुंद दरीतून चालत वर जावे लागले. गैरसोयी खऱ्या आहेत: रात्री बादलीतले पाणी गोठते, संडास कोरडा असतो, आणि हिमबिबट्या दिसेलच असे कोणी सांगू शकत नाही. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेनुसार देशातल्या ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत. तरीही पहिले चार दिवस मला फक्त भरल, म्हणजे निळ्या मेंढ्यांचे कळप, बर्फातले ठसे आणि एका कलत्या खडकाखाली हिमबिबट्याने मारलेल्या मूत्राच्या फवाऱ्याचा उग्र दर्प एवढेच लाभले. पाचव्या दिवशी वाटाड्याने दुर्बिणीपुढून बाजूला होत मला जागा दिली. समोरच्या कड्यावर, मला निव्वळ दगड वाटलेल्या जागी, शेपटीचे टोक हलले. तो उठला, आळस दिला, आमच्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा झोपला. आमच्यामुळे त्याला जागा सोडावी लागली नाही, याचे मला पाहण्याइतकेच समाधान वाटले.

मी राहिलो त्या घरच्या मेंढवाड्यावर लोखंडी जाळी घातलेली होती. पूर्वी एका रात्रीत तिथल्या बऱ्याच मेंढ्या हिमबिबट्याने मारल्या होत्या, असे घरच्या आजींनी चुलीपाशी बसून सांगितले. आता त्याच प्राण्यासाठी येणारे पाहुणे त्यांच्या घरी उतरतात आणि मुक्कामाचे पैसे थेट त्यांच्या हातात पडतात. चांगथांगमध्ये माझा बराचसा खर्च गाडीवर झाला.

गुडघे दुखत असतील, सोबत लहान मुले असतील किंवा पक्ष्यांचीच विशेष ओढ असेल, तर चांगथांग निवडणे रास्त ठरेल. चालण्याची तयारी असणाऱ्याने, आणि आठवडाभर थांबूनही प्राणी दिसला नाही तर ज्याचा हिरमोड होणार नाही त्याने, फेब्रुवारीत रुंबकला जावे असे मला वाटते. मी स्वतः पुन्हा तिथेच जाणार आहे. चांगथांगच ठरले, तर लेहमध्ये गाडी ठरवतानाच चालकाला सांगून ठेवावे की रस्ता सोडायचा नाही, कळप दूर असला तरी चालेल. मी ते माळावर पोहोचल्यावर सांगितले, तेव्हा उशीर झाला होता.