जुन्या गाडीसाठी गॅरेज: वीटबांधकाम की पत्र्याची शेड?

एका मित्राने जुनी गाडी घेतलीये आणि आता घराशेजारी वेगळं गॅरेज बांधायचंय, पण वीट की पत्रा यावर अडलाय.

खर्च आणि वेळ बघितला तर पत्रा सरळ जिंकतो, सांगाडा बोल्टने जोडला की काही दिवसांत उभं, उद्या हलवायचं झालं तर खोलताही येतं. विटांना पाया, भिंती, प्लास्टर, सगळं आलं.

पण माझ्या मते खरा मुद्दा दमटपणाचा आहे. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजायला लागतं, आणि जुन्या गाड्यांच्या पत्र्याला आतून गंजरोधक थर बहुतेक नसतोच. एकेरी पत्र्याचं छप्पर रात्री पटकन थंड होतं, आतून दव धरतं आणि तेच पाणी गाडीवर टपकतं. इन्सुलेशन आणि वर-खाली झरोके दिले तर हे बरंच थांबतं, पण मग स्वस्ताईही कमी होते. वीट तापमान हळूहळू बदलू देते, फक्त नवीन बांधकामात पाणी खूप असतं म्हणून ते नीट वाळेपर्यंत गाडी आत ठेवूच नका, कितीही मोह झाला तरी!

जमिनीतला ओलावा वर येऊ नये म्हणून फरशीच्या काँक्रीटखाली जाड प्लास्टिक मात्र वीट असो की पत्रा, हवंच.

टिकाऊपणात वीट पुढे, पत्र्याला रंग आणि स्क्रू बघत राहावे लागतात.

जागा भाड्याची असेल किंवा गाडी रोज बाहेर निघत असेल तर इन्सुलेशनवाली शेड पुरते. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर वीटच.