हजार प्रती म्हणे भिवंडीत आहेत

मुलांसाठी गोष्ट लिहून ठेवली आहे आणि तिचं चित्रपुस्तक कोण काढेल हे शोधताय, अशांसाठी हे लिहिते आहे. "मॅडम, तुम्ही फक्त गोष्ट द्या, बाकी सगळं आमच्यावर सोडा" असं म्हणणाऱ्या एका प्रकाशकाने माझ्याकडून १ लाख ६० हजार रुपये घेतले. अंधेरीत ऑफिस, भिंतीवर फ्रेम केलेली मुखपृष्ठं, अगत्य तर विचारू नका.

कोटेशन असं होतं: ३० पानी पुस्तक, सेंटर पिन, ऑफसेटवर (म्हणजे प्लेट काढून होणाऱ्या छपाईवर) हजार प्रती, चित्रं आठवड्यात, आणि आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची, 'सरकारी फी' ८ हजार.

छापखान्यातल्या पोऱ्यानेही हा कागद बघून हसायला सुरुवात केली असती. मधोमध पिन मारायची तर दुमडलेल्या एका कागदाची चार पानं होतात, म्हणून पानं चारच्या पटीतच येतात. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानी असतं ते फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापल्या जाणाऱ्या पानांच्या, हिशेबामुळे. आणि आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो देते, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. माझ्या पुस्तकावरचा नंबर तर बनावट निघाला. तेरा आकड्यांना ओळीने १, ३, १, ३ असं गुणून बेरीज करा, ती दहाच्या पटीत यायलाच हवी. माझी आली नाही.

पण खरा घोळ चित्रांचा. माझी गोष्ट वेसाव्यातल्या, म्हणजे वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या, एका मांजरीची. तिच्या डाव्या कानावर काळा ठिपका. पुढच्या पानावर तो उजव्या कानावर, त्यापुढे गायब. वेसाव्यात बोंबील जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून दोरीवर वाळत घालतात. चित्रात रोहूएवढे मासे शेपटीला बांधून लटकवलेले! जोडपानावर मांजरीचं तोंड नेमकं मधल्या घडीत गेलं होतं. "चित्रकार कोण?" विचारलं तर "आमची टीम आहे." रफ स्केचेस मागितली, तर नाहीत.

चित्रकार आधी अंगठ्याएवढे चौकोन काढून अख्खं पुस्तक एका कागदावर मांडतो. मग मांजर समोरून, पाठीमागून, झोपलेली, चिडलेली काढून तिचं रूप पक्कं करतो. मग पेन्सिलीची डमी, जिची पानं उलटून बघायची, कारण पान उलटल्यावर काय दिसणार यावर गोष्टीची गंमत ठरते. या कामाला महिने लागतात आणि त्याचे कागद मागे उरतात. जो ते दाखवू शकत नाही त्याने ते काम केलेलंच नाही. डमी पाहिल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका.

हातात पडल्या पन्नास प्रती. बाकीचा माल भिवंडीच्या गोडाऊनमध्ये, वितरण सुरू आहे, असं उत्तर. गोडाऊनचा पत्ता मात्र कधीच मिळाला नाही. वडाळ्याच्या एका प्रेसवाल्याने पुस्तक भिंगाखाली धरलं, घडीवर पापुद्र्यासारखा उडालेला रंग दाखवला आणि म्हणाला, "ताई, हे डिजिटल आहे. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट काढावी लागते, त्या खर्चात पन्नास प्रती कोण काढेल? हजार छापल्या असतील तर कागदाचं बिल आणि माल दिल्याचं प्रेसचं चलान मागा." मागितलं. त्या दिवसापासून फोन बंद.

नंतर ईमेल आला तो धमकीचा: गोष्टीचे हक्क कायमचे आमचे, दुसरीकडे छापलीत तर दावा लावू. मी घाबरले होते. वकिलांनी करार वाचला. त्यात मुदतच लिहिलेली नव्हती. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. 'कायमचे' कुठून आणलं कोण जाणे.

पोलीस चौकीत "हा दिवाणी मामला आहे" ऐकून घ्यावं लागलं. ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे; ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तुमच्याही हजार प्रती भिवंडीत 'पडून' असतील तर कोटेशन, बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका. एकाच प्रकाशकाने फसवलेल्यांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि मला सोबत हवी आहे.