पॅनेलला अनुदान, बॅटरीला नाही: छतावरच्या ३ किलोवॉटचा अनुभव

पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेलं, सोलार बसवून एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटलाय. बिलाच्या बाबतीत मी खूश आहे. लाइट गेल्यावर मात्र नाही, आणि हे बसवण्याआधी कोणी नीट सांगत नाही.

आधी अनुदान, कारण सगळे तेच विचारतात. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००. पुढे संच कितीही मोठा लावा, आकडा तिथेच थांबतो. आधी पूर्ण पैसे आपण भरायचे (बँका कर्ज देतात), नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणारा मीटर) लागून तपासणी झाली की रक्कम थेट खात्यात येते. आमची आली. कोटेशनमध्ये पॅनेल 'डीसीआर', म्हणजे भारतात बनलेल्या सेलचं आहे ना, एवढं बघाच. दुसरं पॅनेल स्वस्त पडतं, पण त्यावर अनुदान मिळत नाही.

एका किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट धरा. मे महिन्यात विक्रम होईल असं वाटत होतं, पण पॅनेल तापलं की उत्पादन घटतं. थंडीतलं स्वच्छ ऊन जास्त कामाचं. पावसाळ्यात आकडे बघूच नयेत. आणि हो, बिल शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

आता मुख्य गोष्ट. भर दुपारी, कडक उन्हात लाइट गेली की आपलं सोलारही बंद. आपली वीज बाहेरच्या लाइनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःहून थांबतो. नियम योग्यच आहे, पण छतावर एवढं ऊन असताना घामाघूम बसायचं म्हणजे चीड येते.

उपाय हायब्रिड इन्व्हर्टर (लाइट गेल्यावरही बॅटरीच्या मदतीने सोलार चालू ठेवणारा) आणि लिथियम बॅटरी. तो खर्च सगळा आपला. सरकार बॅटरीला पैसे देतच नाही असं नाही: २०२३ मध्ये केंद्राने ४,००० मेगावॉट-तास साठवणुकीसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत मंजूर केली. ती मोठ्या प्रकल्पांसाठी. शहरात घरच्या बॅटरीला मदत नाही हे पटतं, कारण नेट मीटर असताना ग्रिडच आपली साठवण. बॅटरीने बिल फारसं कमी होत नाही. जिथे तासन्‌तास वीज नसते, तिथल्या घरांना तरी काही द्यायला हवं होतं.

वारंवार लाइट जात असेल तर सुरुवातीलाच हायब्रिड घ्या, नंतर इन्व्हर्टर बदलणं महागात पडतं. आमच्याकडे तेवढा त्रास नाही. सोलारच्या आधीचा बॅटरीवाला जुना इन्व्हर्टर भंगारात दिला नाही, पंखे आणि वायफाय त्यावर निभतात. बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, एवढंच.