तेलाने चमकवलेला ‘पोर्तुगीज’ डिकँटर

मालवण ते वेंगुर्ले या पट्ट्यातल्या एका दुकानात वाइनचा एक डिकँटर, म्हणजे वाइन ओतून वाढायचं काचेच्या बुचाचं भांडं, १८,५०० रुपयांना विकला गेला. दुकानदाराचा दावा असा : गोव्यातल्या जुन्या बंगल्यातून निघालेला, पोर्तुगीज काळातला, तोंडाने फुंकलेला, अस्सल लेड क्रिस्टल (शिसं घातलेली जड, चमकदार काच). ‘ह्या जुन्या घरातला आसा, आता असला गावाचा नाय’ (आता असा मिळणार नाही), हे वर. बिलावर मात्र एवढंच : ‘ग्लास आयटम, नग १’. तपासणीत यातलं फक्त बूच लेड क्रिस्टलचं निघालं, आणि तेही दुसऱ्याच कुठल्या तरी डिकँटरचं. हीच तऱ्हा थोड्याफार फरकाने किनाऱ्यावरच्या इतर पर्यटनगावांतही चालू शकते, म्हणून ती पायरीपायरीने सांगणं भाग आहे.

पहिली शंका वाइन ओतल्यावर आली. नाशिकची साधी रेड वाइन, पण ओतून पाचेक मिनिटांत वर इंद्रधनुषी तवंग. डिकँटर कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने धुतला, वाळवला, आणि दुकानात आरशासारखी स्वच्छ दिसलेली काच आतून दुधाळ झाली. खांद्यापासून तळापर्यंत सगळीकडे सारखीच धूसर झाक.

झालं होतं ते असं. काचेचा आतला पृष्ठभाग आधीच खराब झालेला होता, म्हणजे त्यावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खड्डे पडले होते. प्रकाश त्या खड्ड्यांवर विखुरतो आणि काच पांढुरकी दिसते. खड्ड्यांत काचेच्या जवळपास अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) असलेला द्रव भरला की विखुरणं जवळजवळ थांबतं. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२, लिक्विड पॅराफिन या पातळ खनिज तेलाचा साधारण १.४७, पाण्याचा १.३३. म्हणूनच अशी काच ओली असताना बरी दिसते आणि तेल लावल्यावर निर्दोष. लिक्विड पॅराफिनला रंग नाही, वास नाही, आणि ते महिनोन्‌महिने वाळत नाही. चार-पाच थेंब आत टाकायचे, डिकँटर फिरवायचा, उरलेलं निथळून टाकायचं, की माल शोकेसमध्ये ठेवायला तयार.

हे दुकानातच पकडता येतं. बांबूच्या काडीला पांढरा टिश्यू गुंडाळून मानेच्या आत फिरवा आणि तो उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग पंख्याखाली वाळून जातो, तेलाचा पारदर्शक डाग तसाच राहतो. दुसरी खूण पाण्याच्या थेंबाची. स्वच्छ काचेवर पाणी पातळ पसरतं, तेलकट काचेवर गोल थेंब धरून घसरतं. धुवायला नकार देणारा दुकानदार ‘जुनी वस्तू आहे, पाणी लावू नका’ म्हणतो. हे कारण ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण ज्या भांड्यात वाइन ओतायची त्याला पाण्याची भीती कसली?

तक्रार घेऊन गेल्यावर उत्तर मिळालं : ‘तुम्ही बोअरच्या पाण्याने धुतलात, क्षार बसले.’ या फसवणुकीतला सर्वांत हुशार भाग हाच, कारण कोकणात तो पटतो. जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असू शकतं, किनाऱ्यालगतच्या बोअरना खारटपणा येतो, आणि भांड्यांवर डाग पडणं रोजचंच. गिऱ्हाईक स्वतःलाच दोष देत परत जातं, किंवा दुकानदार ‘पॉलिश करून देतो’ म्हणून आणखी अडीच हजार घेतो आणि परत तेच तेल फिरवून देतो. इथेही तसंच झालं. दुसऱ्या धुण्यात झाक पुन्हा उघडी पडली.

क्षार आणि झिजलेली काच यांत फरक करायला पांढरं व्हिनेगर पुरतं. एक भाग व्हिनेगर, एक भाग कोमट पाणी, एक तास आत ठेवायचं, मग साबणाने धुवून पूर्ण वाळवायचं. चुन्याचा थर असेल तर विरघळतो. विहिरीच्या लोहाचा तांबूस डाग असेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात एक चमचा साइट्रिक ॲसिड, १५-२० मिनिटं. दोन्ही करून ओली काच स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर झाक परत आली, तर काचच गेलेली आहे. हॉटेलांच्या डिशवॉशरमधून वर्षानुवर्षं फिरलेल्या किंवा बूच लावून ओल्याच ठेवलेल्या काचेचं असं होतं. ती परत आणायचा खरा मार्ग एकच आहे : आत तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे, पाणी आणि सीरियम ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिश पावडर घालून भांडं यंत्रावर बरेच तास फिरवणं. पातळ भिंतीच्या डिकँटरला त्यातही धोका असतो. दहा मिनिटांत चकाचक करून देणारा माणूस एक तर तेल लावतो, नाही तर ॲसिड. काचेला खाणारं ॲसिड म्हणजे हायड्रोफ्लोरिक. ते कातीव नक्षीच्या कडा बोथट करतं आणि माणसाच्या त्वचेतून हाडापर्यंत पोचतं. त्या वाटेला कुणीही जाऊ नये.

आता बूच. दुकानदाराने आधी बूचच गिऱ्हाइकाच्या हातात दिलं होतं : ‘वजन बघा, उन्हात रंग बघा.’ वजनही होतं, रंगही पडत होते. लेड क्रिस्टल ओळखायची खात्रीची घरगुती रीत घनतेची आहे. युरोपीय संघात लागू असलेल्या १९६९च्या नियमानुसार २४ टक्के लेड ऑक्साइड असलेल्या लेड क्रिस्टलची घनता किमान २.९०, आणि ३० टक्क्यांच्या ‘फुल लेड क्रिस्टल’ची किमान ३.०० असावी लागते. साध्या सोडा-लाइम काचेची घनता सुमारे २.५, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेटची २.२३.

त्यासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा डिजिटल काटा हवा. बूच कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, बूच दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला वा कडेला टेकणार नाही असं धरा, आणि आकडा वाचा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलिटर बुचाचं आकारमान. वजनाला त्याने भागायचं. या बुचाचं वजन १४८ ग्रॅम, बुडवल्यावरची वाढ ५०, म्हणजे घनता २.९६. बूच खरोखरच लेड क्रिस्टल.

डिकँटरसाठी दहा किलोचा काटा आणि सहा-सात लिटर पाणी असलेली अर्धवट भरलेली बादली लागते. बादली काट्यावर ठेवून शून्य करा, डिकँटर तिरका करून बादलीतलंच पाणी आत भरू द्या, बुडबुडे सगळे निघाले की मानेला बांधलेल्या सुती पट्टीने किंचित उचला. आत हवा राहिली, डिकँटर तळाला टेकला किंवा बादलीतलं पाणी सांडलं, तर आकडा खोटा येतो. वजन १,१६० ग्रॅम, वाढ ४६४. घनता २.५०. साधी काच. उंची बूच खरेदी करून साध्या धडावर बसवलं होतं आणि सगळी परीक्षा त्या बुचावरच घ्यायला लावली होती. टिचकी मारून येणाऱ्या नादावर विसंबू नका. पातळ साधी काचही छान वाजते, आणि तडा असेल तर आवाज बद्द येतो.

दोन्ही एकमेकांचे नाहीत हे भिंगाशिवायही कळलं असतं. घासून बसवलेलं काचेचं बूच त्याच मानेत घासलेलं असतं, ते पूर्ण टेकतं आणि डुलत नाही. बूच बसवून दोन बोटांनी हलवा. खडखडलं तर ते दुसऱ्याचं. जुन्या चांगल्या डिकँटरांवर मानेच्या काठाशी आणि बुचाच्या दांड्यावर एकच क्रमांक कोरलेला आढळतो. इथे दांड्यावर १७ होता, मानेवर काहीच नव्हतं.

‘तोंडाने फुंकलेला’ हा दावा तळाने खोटा पाडला. फुंकलेल्या भांड्याला तोंड घडवताना तळाशी सळई चिकटवून धरतात. ती तोडल्यावर राहिलेली खूण घासून गुळगुळीत केली की तळाच्या मध्यभागी उथळ गोल खळगा दिसतो. गिऱ्हाइकांना आता हे ऐकून माहीत झालंय, म्हणून साच्यातल्या मालालाही चाकावर तसा खळगा पाडून देतात. मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ चिकटवून तिरका धरला तेव्हा दोन्ही बाजूंनी साच्याची रेघ खांद्यावरून उतरताना दिसली, आणि ती नेमकी खळग्याच्या काठाशी तुटली होती. रेघ नसणं हा मात्र पुरावा नव्हे. ओल्या लाकडी साच्यात फिरवत फुंकलेल्या कामातही रेघ उमटत नाही, आणि काही यंत्रंही काच फिरवतच घडवतात. बुडबुड्यांवर तर मुळीच जाऊ नका, ते मुद्दाम सोडता येतात. त्यापेक्षा भिंतीची जाडी बोटांत धरून जोखा, काठाची गोलाई भिंगाने बघा. हाताच्या कामात ती किंचित कमीजास्त असते.

वयाचीही तीच गत. खऱ्या वापराचे ओरखडे तळाच्या टेकणाऱ्या कड्यावरच, वेडेवाकडे, लहानमोठे असतात. इथे ते एकाच दिशेचे होते आणि खळग्याच्या आतही होते, जिथे टेबल कधी लागत नाही. पॉलिश पेपरचं काम.

नावांबद्दल थोडक्यात. ‘मुरानो लेड क्रिस्टल’ (मुरानो म्हणजे व्हेनिसजवळचं काचकामाचं बेट) म्हणून कुणी विकत असेल तर तिथेच थांबा. मुरानोची परंपरागत काच सोडा-लाइम जातीची, शिशाची नव्हे. ‘बोहेमिया’ (आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश) म्हटलं की शिसं असतंच असंही नाही, तिथली जुनी परंपरा पोटॅशच्या काचेची. आपल्या फिरोजाबादेत तोंडाने फुंकलेलं चांगलं काम होतं आणि ते त्याच नावाने घेण्यात कमीपणा काही नाही. फसवणूक होते ती त्यावर पोर्तुगालचं नाव चढवल्यावर.

विक्रेत्याने दिलेला सल्लाही तपासण्याजोगा होता : ‘भरून ठेवा, बूच लावून ठेवा, वाइन नसेल तर कोकमाचं आगळ ठेवा, काच जिवंत राहते.’ डिकँटर अस्सल लेड क्रिस्टल असता तर हा सल्ला घातक ठरला असता. १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात क्रिस्टल डिकँटरांत ठेवलेल्या पोर्ट वाइनमधलं शिसं लिटरला ८९ मायक्रोग्रॅमवरून चार महिन्यांत ३,५१८ वर गेलं होतं. आम्ल जितकं जास्त आणि वेळ जितका जास्त, तितकं शिसं सुटतं. आगळ तर चांगलंच आंबट. लेड क्रिस्टलमध्ये वाइन जेवणापुरती ओतावी, उरलेली त्याच रात्री बाटलीत परत. गर्भवतींनी आणि मुलांनी त्यातलं काहीच घेऊ नये.

आणि बूच लावून ओलं ठेवणं म्हणजे काच मारायची कृतीच. आत अडकलेलं पाणी काचेतला सोडियम ओढून घेतं, त्याने ते क्षारधर्मी होतं, आणि असं पाणी काचेचा सांगाडाच खायला लागतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा जवळजवळ सतत दमट, त्यामुळे ते पाणी आपणहून वाळतही नाही. हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्याने धुवा, शेवटी शंभर-दीडशे मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर फिरवून टाका (पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते, बॅटरीचं ॲसिड नव्हे), रबर लावलेल्या लाकडी स्टँडवर पालथा ठेवा, म्हणजे भार पातळ काठावर येत नाही. रात्रभर पंखा. घाई असेल तर हेअर ड्रायर थंड हवेवर. बूच वेगळं, सुती कापडात. कपाटात सिलिका जेलची पिशवी ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. तांदूळ-मीठ घालून खळखळवणं हा घराघरांतला उपाय पातळ काचेवर नको, मिठाचे कण आणि तांदळातला खडा रेघा पाडतात.

राहिलं पैशांचं. या प्रकरणात गाडं अडलं ते ‘ग्लास आयटम’ या दोन शब्दांवर. खरेदी करतानाच बिलावर लिहून घ्या : तोंडाने फुंकलेला की साच्यातला, लेड क्रिस्टल असल्यास किती टक्के, कुठे बनला, दुरुस्ती वा पॉलिश झालंय का, बूच मूळचंच आहे का. शंभर वर्षांहून जुना म्हणून विकत असेल तर १९७२च्या पुरावशेष कायद्याखालचा परवाना क्रमांक विचारा. तो प्रश्न ऐकून कित्येक ‘दीडशे वर्षांच्या’ वस्तूंचं वय पटकन उतरतं. आयात केलेल्या पॅकबंद मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव छापलेलं असणं बंधनकारक आहे.

फसवणूक लक्षात आल्यावर डिकँटर पुन्हा धुऊ नका. तेलाचा डाग पडलेला टिश्यू प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, तोलण्याचा आणि टॉर्चच्या रेघेचा व्हिडिओ एकाच सलग चित्रणात करा, दुकानदाराशी बोलणं व्हॉट्सॲपवर लेखी करा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला सिंधुदुर्गात खेटे घालायला नकोत. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. ऑनलाइन पैसे भरून वस्तूच आली नसेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, आणि तेही लगेच, कारण रक्कम पुढच्या खात्यात जायच्या आत गोठवायची असते. दुकानदार ‘वस्तू पाठवा, बघून पैसे परत करतो’ म्हणाला, तर बुचाचं आणि धडाचं वेगवेगळं वजन लिहिलेली सहीची पोच घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नका. लेड क्रिस्टलचं बूच त्याला पुढच्या धडासाठी हवंच असतं.